तांबोळी मॅडम आणि घशातले दात

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधला शनिवार. सकाळी दहा वाजता प्रवरेच्या काठावर, कोल्हारच्या वरच्या अंगाला जो दगडी डोह आहे तिथे पंचनामा झाला. मेलेल्या माशांचं वजन एकशे बारा किलो भरलं. दोनशे रुपये किलोप्रमाणे किंमत बावीस हजार चारशे रुपये. हजर माणसं अशी: एक हवालदार, मत्स्य खात्याचा एक माणूस, पंच म्हणून पतसंस्थेत हिशेब बघणारा मी, दुसरा पंच पुलाजवळचा चहावाला, आणि हवालदारांनी मुद्दाम बोलावून घेतलेल्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक शकीला तांबोळी. त्या माझ्या शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत.

मी गुणाकार मांडत होतो तेव्हा मॅडम गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या.

"कुलकर्णी, बाजार मांडलाय का इथे?" त्या तिथूनच ओरडल्या. "किंमत नंतर लावा. आधी मेले कशानं ते लिहा."

"उन्हानं मेले असतील, मॅडम," हवालदार म्हणाले. "धरनाचं आवर्तन सुटलं न्हाई, पानी लई कमी झालंय."

मॅडमनी पायाजवळचा हातभर लांबीचा खडस मासा उचलला. वरून त्याला ओरखडासुद्धा नव्हता. फक्त डोळ्यांत रक्त उतरलं होतं. त्यांनी कात्री खुपसून पोट एका दमात गळ्यापर्यंत फाडलं आणि मासा हवालदारांच्या बुटांपुढे आपटला. आत सगळा लाल चिखल होता. बरगड्या कण्यापासून सुटल्या होत्या. हवेच्या पिशवीच्या, म्हणजे माशाच्या पोटात जो पांढरा फुगा असतो त्याच्या, चिंध्या झाल्या होत्या.

"उन्हानं कणा मोडतो? जिलेटीनचा बार टाकलाय. लिहा."

कडेच्या उथळ पाण्यात काही मासे अजून जिवंत होते. एका कुशीवर पडून तोंडं उघडत होते. मॅडमनी खांद्यावरच्या कापडी पिशवीतून पितळी बत्ता काढला, खलबत्त्यातला असतो तो, आणि काठाकाठाने वाकत चालत गेल्या. एका माशाला एक घाव, डोक्यावर, डोळ्यांच्या जरा मागे. पुढचा मासा, पुन्हा एक घाव. चहावाल्याने तोंड फिरवलं. मी फिरवलं नाही, घाव मोजत राहिलो. माझ्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

तांबोळी मॅडम म्हटलं की मला आधी तो बत्ता आठवतो.

त्या मूळच्या नगरच्या. वडील शाळामास्तर. उंच, काटकुळ्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखं मांसापर्यंत कापलेली. लग्न केलं नाही. आमच्या सौभाग्यवतीने एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "वहिनी, रात्री उशाशी माशाचं डोकं ठेवून झोपणारा मिळाला नाही." उभ्या आयुष्यात त्यांनी एकाच गोष्टीचा अभ्यास केला: रोहू, कटला, मृगळ, खडस, कोळीस आणि नदीतले त्यांचे बारीकसारीक भाऊबंद. म्हणजे कार्प कुळातले मासे. या कुळाच्या जबड्यात एकही दात नसतो. दात असतात घशात, कल्ल्यांच्या मागे. वर एक कठीण गादी असते, तिच्यावर मासा अन्न रगडतो. कोणाचे दात जात्यासारखे सपाट, कोणाचे आकड्यासारखे वाकडे. त्या दातांवरून मासा काय खात होता, कोणाचा चुलत आणि कोणाचा सख्खा, हे मॅडम सांगायच्या.

ते दात मिळवायचे तर डोकं उकडावं लागतं. दर रविवारी सकाळी मागच्या अंगणात शेगडीवर पातेलं चढायचं आणि वास भिंत ओलांडून आमच्या देवघरात यायचा. त्या राहायला आल्यावर पहिल्या महिन्यातच मी तक्रार घेऊन गेलो. त्यांनी मला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि चिमट्याने एक वाफाळतं हाड माझ्या तळहातावर ठेवलं. चंद्रकोरीसारखं वाकलेलं, आतल्या बाजूने दातांच्या तीन ओळी.

"ही कल्ल्याची शेवटची कमान," त्या म्हणाल्या. "हिच्या चारही बहिणी अजून श्वासाचं काम करतात. हिला त्यातून ओढून काढली आणि चावायला बसवली. लोकांना वाटतं उत्क्रांती म्हणजे सुधारणा. कसली सुधारणा कुलकर्णी, मोडतोड आहे ती. चालू वस्तू मोडायची आणि गरजेची करायची."

"ते ठीक आहे मॅडम, पण वास..."

"वास येणारच. तुमच्या वरणाला येतो तो मी सहन करते ना?"

मी हाड परत देऊन घरी आलो. रविवारी देवघराची खिडकी लावायची असं ठरलं. ते आजतागायत चालू आहे.

रागावल्या की हातात असेल ते फेकायच्या. कॉलेजातल्या मुलांनी त्यावर नियम केला होता: हातात खडू असेल तर बसून राहा, ट्रे असेल तर वाका. पण मुलांना त्यांचा तास चुकवायचा नसायचा. पुढे कॉलेजांत चिरफाड बंद करायचा आदेश आला, तेव्हा प्राचार्यांनी त्यांना कॉम्प्युटरवरचा मासा दाखवला. मॅडमनी तो पडद्यावर दोनदा उलटासुलटा करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग राहुरीच्या मासळी बाजारात नेला. तिथे मेलेल्या माशांच्या डोक्यांचा ढीग असतोच. तिथेच, पाटीशेजारी उकिडवं बसून, शिकवणं सुरू झालं. माशाच्या तोंडात बोट घालून घशातले दात चाचपायचे आणि डोळे मिटून जात सांगायची. चुकलं की डोक्यात टपली.

त्याच बाजारात त्यांची मारामारी झाली. ती मला चहावाल्याने सांगितली, पुढे मॅडमनीही दुजोरा दिला. एका विक्रेत्याच्या पाटीतल्या माशांच्या डोळ्यांत त्यांना रक्त दिसलं. त्यांनी न विचारता एक मासा फाडला, पिशवी फुटलेली पाहिली आणि पाटी उचलून गटारात ओतली.

"ओ बाई! पैसे कोन देनार, तुमचा बाप?"

"बाप मेला. तू सांग, बार कुणी टाकला?"

त्याने त्यांचा दंड धरला. मॅडमनी हातातला अडीच किलोचा कटला शेपटीला धरून त्याच्या कानशिलावर घातला. माणूस सुकटीच्या पोत्यांवर पडला. उठून त्याने सुरी उचलली. तेवढ्यात त्यांच्या वर्गातला एक मुलगा मधे शिरला आणि सुरी पात्यालाच धरली. बोटं कापली, रक्त कोपरापर्यंत आलं, पण त्याने सोडली नाही.

तो संतोष. मॅडम ज्याचं नाव आपण होऊन काढायच्या असा एकमेव विद्यार्थी. वाडीवरचा, विहिरी खोदणाऱ्या घरातला. त्याच्या हातांबद्दल त्या आमच्याकडे चहाला आल्या की बोलायच्या. या माशांच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी असते. मानेच्या मणक्यांचे तुकडे वेगळे होऊन ती झालेली. पाण्यातला आवाज आधी पिशवीला कळतो, मग साखळीतून कानाला. एका बाजूला चार हाडं, दुसऱ्या बाजूला चार, सगळ्यात लहान तिळापेक्षाही बारीक. ती साखळी अख्खी बाहेर काढणं भल्याभल्यांना जमत नाही. संतोषने दुसऱ्या वर्षाला असताना आठही हाडं काढून काळ्या कागदावर ओळीने चिकटवली. मॅडमनी ओढणीने त्याचे हात पुसले आणि म्हणाल्या, "हे हात सांभाळ. बाकीचा तू गेलास तरी चालेल."

एम.एस्सी. झाल्यावर तो दोन वर्षं त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होता. पगार सहासहा महिने निघायचा नाही. मॅडम ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटायच्या. ट्रे, पेपरवेट, काय सापडेल ते उडायचं. पगार तरीही निघायचा नाही. शेवटी तो मामाबरोबर विहिरींना सुरुंग लावायच्या धंद्यात गेला. मॅडमनी फक्त त्याची ती काळ्या कागदावरची हाडं काचेत घालून घरच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

आता पुन्हा डोहावर येतो. हवालदार सह्या घेत होते. पाण्यात एक प्लास्टिकची बाटली तरंगत होती, तिला सुतळीचा तुकडा. मॅडमनी ती काठीने ओढून घेतली.

"हा टाकणारा शिकलेला आहे," त्या म्हणाल्या. "इतर लोक तळाला टाकतात, निम्मा दणका चिखलात जातो. यानं बाटलीला बांधून मधल्या पाण्यात लोंबत सोडलंय. सगळ्यांच्या पिशव्या एकदम फुटाव्यात म्हणून."

मग त्यांची नजर गाठीवर गेली. नमुन्याच्या माशाला चिठ्ठी बांधायची त्यांची एक पद्धत होती: दोरा तोंडातून घालून कल्ल्यातून काढायचा, तीन वेढे, टोक उलटं आत आणि ओल्या बोटांनी ओढायचं. वर्षानुवर्षं बरणीतल्या औषधात बुडून राहिली तरी ती गाठ सुटत नाही. विभागात तिला 'मॅडमची गाठ' म्हणत. बाटलीच्या मानेला तीच होती.

मॅडमनी गाठीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं बाटली पुन्हा पाण्यात सोडतील. कोणाचं लक्ष नव्हतं. सोडली असती तर सगळं तिथेच संपलं असतं.

त्यांनी ती हवालदारांच्या हातात दिली. "ही गाठ मी शिकवलेली आहे. संतोषला विचारा."

आठच दिवसांनी, रविवारी दुपारी, भिंतीपलीकडे काच फुटल्याचा आवाज झाला. एक, मग दुसरा, मग थांबेचना. मी चप्पल न घालता धावलो. दार सताड उघडं होतं. आत डोळ्यांना झोंबणारा औषधाचा वास, फरशीवर बरण्यांतलं पाण्यासारखं औषध, त्यात काचा आणि मासे. संतोषच्या हातात पहार होती. जामिनावर सुटून तो तडक आला होता. मॅडम टेबलाला टेकून उभ्या होत्या, काचेचा तुकडा लागून कपाळातून रक्त वाहत होतं.

"आमी काय खायचं ते बोला ना!" तो ओरडत होता. "दोन वर्सं तासिका घेतल्या, काय दिलं तुमच्या कॉलेजनं? धाब्यावाला एका रातीच्या माशांचे पंदरा हजार देतो!"

"मग माग ना त्याच्याकडे नोकरी."

"तुमीच शिकवलं न्हवं, मासा पोटानं ऐकतो म्हनून? तुमीच!"

"ऐकतो म्हणून शिकवलं. मार म्हणून नाही."

त्याने पहार फिरवली. मधली फळी गेली. बरण्या एकीवर एक फुटल्या, एक रोहू घसरत माझ्या पायाशी आला. मी "अरे संतोष, अरे बाबा" असलं काहीतरी म्हणत होतो. मॅडम हलल्या नाहीत. त्या नुसत्या बघत होत्या, आयुष्य फुटताना माणूस बघेल तशा. मग त्याने पहार टाकली, डाव्या हाताने कपाटाची कड धरली आणि उजवा हात वरच्या फळीकडे घातला. तिथे एकच वस्तू होती.

"त्याला हात लावू नकोस," मॅडम म्हणाल्या.

"माझी हायेत ती!"

"काढलीस तेव्हा तुझी होती."

त्याने काचेची चौकट ओढली. मॅडमनी टेबलावरचा बत्ता उचलला आणि त्याच्या मनगटावर मारला. एकच घाव. आवाज मी ऐकला. ओली फांदी पिळून मोडावी तसा होता. चौकट पडली, पण मॅडमनी ती दुसऱ्या हाताने अधांतरीच धरली. संतोष काचांत गुडघ्यावर बसला आणि लहान मुलासारखा ओरडायला लागला.

त्याला दवाखान्यात नेणारी रिक्षा मॅडमनीच बोलावली. बाहेर जमलेल्या दोघातिघांनी या भांडणाला भलताच रंग द्यायचा प्रयत्न केला. कपाळाला ओढणी दाबून मॅडम ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "हा माझा आणि माझ्या विद्यार्थ्याचा मामला आहे. बाकीच्यांनी घरी जा, नाहीतर बत्ता अजून हातातच आहे." गर्दी पांगली. संध्याकाळपर्यंत आमची सौभाग्यवती, जिने जन्मात माशाला बोट लावलं नाही, नाकाला पदर बांधून चिमट्याने काचांतून घशातली हाडं वेचत बसली होती. "वहिनी, ती उजवी, ती डावी," मॅडम सांगत होत्या.

मग खटले दोन झाले. एक डोहाचा, संतोषवर. दुसरा मनगटाचा, मॅडमवर. घराच्या तोडफोडीची तक्रार मॅडमनी केलीच नाही. संतोषचे वकील मॅडमच्या घरी आले. मलाही बोलावलं होतं. बोलणं साधं होतं. मॅडमनी कोर्टात म्हणायचं, गाठ नक्की सांगता येत नाही, सुतळीची गाठ कोणीही मारतो. संतोष म्हणेल, मी घसरून पडलो. दोन्ही प्रकरणं मिटतील.

वकील गेल्यावर मी कागद घेतला. मॅडम दोषी ठरल्या तर नोकरी जाते, पेन्शन अडकते. महिन्याचं किती, वर्षाचं किती, सत्तर वर्षांपर्यंत किती, सगळं मांडून दाखवलं. त्यांनी बेरीज तपासली.

"हिशेब बरोबर आहे, कुलकर्णी. पण मी गाठ ओळखली नाही असं म्हटलं तर मी आजवर दुसरं काय ओळखलं? दात बघून मासा सांगते मी. कोण विश्वास ठेवेल?"

"आणि तो मनगट विसरायला तयार आहे त्याचं काय?"

"तो विसरेल. मी कशी विसरू?"

तालुक्याच्या कोर्टात मी दोन्ही वेळा हजर होतो. डोहाच्या खटल्यात त्यांनी फुटलेल्या पिशव्या आणि मोडलेले कणे असे समजावले की न्यायाधीशांनीही मान पुढे काढली. मग संतोषच्या वकिलांनी विचारलं, "अशी गाठ तुम्ही किती विद्यार्थ्यांना शिकवलीत?"

"पुष्कळ."

"मग ही याचीच कशावरून?"

मॅडमनी कोर्टातली सुतळी मागून घेतली, कठड्यावर गाठ मारून दाखवली, मग बाटलीवरची दाखवली. "बघा. माझीसुद्धा इतकी घट्ट बसत नाही. पुष्कळांना शिकवली, इतकी चांगली एकालाच जमली."

आरोपीच्या जागेवर संतोषने मान खाली घातली. त्याला सहा महिन्यांची शिक्षा आणि दंड झाला. अपील केल्यामुळे तो बाहेर राहिला.

मनगटाच्या खटल्यात मॅडमच्या वकिलांनी त्यांना सगळं पढवून ठेवलं होतं. घाबरलात, तोल गेला, हाताला येईल ते उचललंत. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"हो. मी मारलं."

"रागाच्या भरात?" वकिलांनीच मधे सुचवलं.

"नाही. नेम धरून."

वकिलांनी फाइल मिटली. न्यायाधीशांनी वय आणि कबुली लक्षात घेऊन तुरुंग टाळला, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं आणि संतोषला नुकसानभरपाई द्यायला सांगितली. संस्थेने निवृत्तीला आठ महिने उरले असताना मॅडमना घरी बसवलं. पेन्शन अजून अडकलेली आहे. त्या नगरला भावाकडे राहायला गेल्या. दातांची हाडं तीन पत्र्याच्या पेट्यांत बरोबर नेली. भिंतीपलीकडे आता दुसरे भाडेकरू आहेत. रविवारी काहीच वास येत नाही, तरी आमच्या देवघराची खिडकी बंदच असते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कोर्टाच्या व्हरांड्यात, पैसे देण्याच्या दिवशी. संतोष खांबाला टेकून उभा होता. त्याने नमस्कार केला नाही, पण पाय हलवून जागा करून दिली. मॅडम त्याच्यासमोर गेल्या.

"हात दे."

तो बघत राहिला. मग त्याने उजवा हात पुढे केला. मॅडमनी तो दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि अंगठ्याने मनगट चाचपायला लागल्या. बाजारात माशाचा घसा चाचपत तशाच. येणारेजाणारे थांबून बघत होते.

"इथे आठ हाडं असतात," त्या म्हणाल्या. "आठही आहेत. दोन वाकडी बसलीत. दुखतं?"

"दुखत न्हाई." तो थांबला. "चिमटा धरवत न्हाई, मॅडम."

मॅडमनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत होतो. फेकायला हातात काही नसलेला तो पहिल्यांदाच पाहिला.

"डाव्यानं शीक," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून एक वस्तू काढून त्याच्या शर्टाच्या खिशात घातली. काचेची छोटी चौकट होती. मग त्या मागे न बघता फाटकाकडे गेल्या. नगरची गाडी उभीच होती.

डोहातल्या माशांबद्दलचा दंड पंचवीस हजार रुपये, संतोषने भरला, तो सरकारजमा झाला. मनगटाबद्दलचे पंचेचाळीस हजार रुपये तांबोळी मॅडमनी दिले, ते संतोषला मिळाले. साक्षीदार म्हणून पावतीवर मी सही केली. माझ्या सहीच्या वर त्याची आहे, डाव्या हाताने केलेली.